मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया, तेरावे पर्व : पान्ताभात, तारली आणि एका गुणाचा निकाल

मोहरी (धागाकर्ती)

मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया या हौशी स्वयंपाक्यांच्या दूरचित्रवाणी स्पर्धेचे तेरावे पर्व १९ एप्रिल २०२१ रोजी सुरू झाले आणि १३ जुलै रोजी त्याचा निकाल लागला. आपल्याकडे ते दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेचे होते. घराबाहेर पडणे अवघड झालेले, बातम्या ऐकवत नव्हत्या, अशा काळात हा कार्यक्रम नेमाने पाहणारे मराठी प्रेक्षक पुष्कळ होते. त्या निकालाबद्दलची चर्चा अजूनही इतर धाग्यांवर अधूनमधून निघते आणि तिथे ती अवांतर ठरते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच मांडते. शेवटच्या तिघांत पर्थचा जस्टिन नारायण, व्यवसायाने टॅटू काढणारा पीट कॅम्पबेल आणि मेलबर्नची किश्वर चौधरी होती. जस्टिनला १२५, पीटला १२४ आणि किश्वरला ११४ गुण मिळाले. जस्टिन जिंकला याचे मला दुःख नाही. तो गुणी होता आणि त्याचा हात स्थिर होता. परंतु त्या पर्वाला जे वेगळेपण आले ते किश्वरच्या स्वयंपाकामुळे आले, आणि ती तिसरी आली याचे कारण तिच्या स्वयंपाकात नसून अंतिम फेरीच्या रचनेत होते, असे माझे ठाम मत आहे.

किश्वरचा जन्म आणि वाढ मेलबर्नची. वडील मूळचे आजच्या बांगलादेशातले, आई पश्चिम बंगालची. आपल्या घरातला बंगाली स्वयंपाक मुलांच्या हाती देता यावा म्हणून त्याचे पुस्तक लिहायचे, ही इच्छा तिने सुरुवातीपासून बोलून दाखवली होती. निवड फेरीतच तिने तारलीला कच्च्या कैरीच्या आंबट रश्शाची जोड दिली. पुढे मासेर झोल, खिचुडी, फुचका-चटपटी, निरनिराळी भरिते, पानाच्या चवीचे आइस्क्रीम असे पदार्थ तिने एकामागून एक पुढे ठेवले. यातल्या बहुतेक पदार्थांना रेस्टॉरंटच्या मेनूत जागा नसते. ते दुपारी घरातल्या माणसांसाठी शिजतात.

आणि मग अंतिम फेरीच्या पहिल्या भागात तिने पान्ताभात केला. शिजवलेला भात रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळपर्यंत तो किंचित आंबतो, मग मीठ, कांदा, मिरची आणि जमल्यास तळलेला मासा घेऊन तो खायचा. बंगालच्या शेतकऱ्याची ही न्याहारी. बांगलादेशात पोहेला बैशाखला, म्हणजे त्यांच्या वर्षारंभाला, तळलेल्या इलिश माशासोबत ती हौसेने खाल्ली जाते. किश्वरने धुराचा वास दिलेले भाताचे पाणी, बटाट्याचे भरीत आणि तळलेली तारली असे ताट परीक्षकांपुढे ठेवले. असे अन्न रेस्टॉरंटमध्ये मिळत नाही, म्हणून ते इथे ठेवताना धास्ती वाटते, पण तेवढेच समाधानही वाटते, अशा आशयाचे ती बोलली होती. जॉक झोनफ्रिलो, मेलिसा लिओंग आणि अँडी ॲलन या तिन्ही परीक्षकांना तो पदार्थ मनापासून आवडला. पहिल्या भागानंतर तिघा स्पर्धकांत फारसे अंतर नव्हते.

किश्वर मागे पडली ती दुसऱ्या भागात. तिथे सिडनीच्या बंदरावरील ‘की’ या रेस्टॉरंटचे तेव्हाचे शेफ पीटर गिलमोर यांचे पदार्थ, एक माकुलाचा आणि एक ‘गोल्डन क्रॅकल’ नावाचे मिष्टान्न, लांबलचक कृती समोर ठेवून जसेच्या तसे करायचे होते. हे कौशल्य मोठे आहे, यात वाद नाही. पण ते दुसऱ्याने विचार केलेल्या पदार्थाची अचूक प्रत काढण्याचे कौशल्य आहे. तीन महिने ज्या स्पर्धेत प्रत्येकाला ‘तू कोण आहेस ते ताटात दाखव’ असे सांगितले जाते, तिचा निर्णय अखेरच्या तासांत तिसऱ्याच माणसाच्या ताटावर व्हावा, हे मला पटत नाही.

आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील. कृपया सविस्तर लिहावे.

पाटावरवंटा

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही.

दुसऱ्या भागातली ती परीक्षा, जिला प्रेशर टेस्ट म्हणतात, ती म्हणजे नुसती प्रत काढणे, हे वर्णन अपुरे आहे. कृती हातात असली तरी साखर कोणत्या क्षणी आचेवरून उतरवायची, माकुल किती सेकंदांत रबरासारखे होते, फ्रीजमध्ये जिलेटिन घट्ट होत असताना त्या वेळेत दुसरे काय उरकून घ्यायचे, हे कागदावर लिहिलेले असले तरी हाताला ठाऊक असावे लागते. ही स्पर्धा हौशी स्वयंपाक्यांची आहे. ‘तुम्ही व्यावसायिक स्वयंपाकघरात टिकाल का’ हा प्रश्न तिथे पहिल्या पर्वापासून, म्हणजे २००९ पासून विचारला जात आहे. गिलमोर यांचाच ‘स्नो एग’ हा पदार्थ २०१० च्या अंतिम सामन्यात ॲडम लिआव आणि कॅलम हॅन यांनी केला होता, आणि तो भाग प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला होता. त्या सामन्याची लोकप्रियता एवढी होती, की त्याच संध्याकाळी होणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या निवडणूक-वादसभेची, ज्युलिया गिलार्ड आणि टोनी ॲबट यांच्या वादसभेची, वेळ बदलण्यात आली. म्हणजे अंतिम फेरीची ही पद्धत किश्वरसाठी नव्याने आणलेली नव्हती. सर्व स्पर्धकांना ती ठाऊक होती.

दुसरे असे की जस्टिनबद्दल बोलताना ‘हात स्थिर’ एवढेच म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचे कुटुंब फिजीतील भारतीय वंशाचे. १८७९ मध्ये ‘लिओनिदास’ हे जहाज पहिले गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, घेऊन फिजीला पोहोचले आणि १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी तिकडे नेली गेली. त्या माणसांनी आठवणीतला मसाला आणि बेटावरचे नारळाचे दूध, कसावा, अळकुड्या यांतून एक स्वतंत्र स्वयंपाक उभा केला. त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी एकजण ऑस्ट्रेलियात येऊन भारतीय चवीच्या चिकनचे टाको करतो, कोळशावर भाजलेल्या कोंबडीबरोबर लेबनॉनची लसणाची चटणी, रोटी आणि लोणचे ठेवतो, तेव्हा तोही स्वतःच्या घराची गोष्टच सांगत असतो. ती गोष्ट दोन समुद्र ओलांडून आलेली असल्यामुळे सरमिसळ झालेली आहे, इतकेच. बंगालच्या पान्ताभातात आपल्याला मूळ दिसते आणि जस्टिनच्या टाकोत दिसत नाही, हा आपल्या पाहण्याचा भाग झाला.

सातासमुद्रापार

मी बरीच वर्षे मेलबर्नमध्ये राहतो. तिथून जे दिसले ते लिहितो.

मोहरीताईंनी तारलीचा उल्लेख केला, पण तारली निवडण्यातले धैर्य कदाचित भारतात बसून जाणवणार नाही. कोकणात आणि गोव्यात तारली म्हणजे स्वस्त, चविष्ट, घरोघरी चालणारा मासा. ऑस्ट्रेलियात मात्र बहुसंख्य लोकांना ती डबाबंद मासळी किंवा गळाला लावायचे आमिष म्हणून माहीत असते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनच्या परिसरात पकडलेल्या तारलीचा मोठा हिस्सा तिथल्या जाळीबंद ट्यूना माशांना खाऊ घालण्यासाठी जातो. अशा देशात, निवड फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत तीच तारली परीक्षकांपुढे ठेवायची, हा साधा निर्णय नव्हता. लॉब्स्टर किंवा वाग्यूसारखे महागडे गोमांस घेऊन दिपवणे सोपे होते.

सामानाचा प्रश्न मात्र मेलबर्नमध्ये कठीण नाही. डँडेनाँगच्या बाजारात मोहरीचे तेल, पाचफोडण, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, सगळे मिळते. अडचण सामानाची कधीच नव्हती. हे अन्न बाहेरच्या माणसाला दाखवण्याजोगे आहे का, ही शंका आपल्याच मनात होती. किश्वरचे भाग प्रसारित होत असताना इथल्या बंगाली, मराठी, तमिळ, सिंहली घरांतून फोन आणि निरोप फिरत होते, आणि त्यांत कौतुकाइतकेच आश्चर्यही होते. आमच्याकडे कामाच्या ठिकाणी डब्यात घरचे जेवण नेताना वासाची चिंता करणारी माणसे अजूनही आहेत. त्यांनी राष्ट्रीय वाहिनीवर मोहरीच्या तेलातले भरीत पाहिले.

निकालाबद्दल बोलायचे तर मी पाटावरवंटा यांच्या बाजूने थोडासा झुकतो. पण रचनेबाबतचा मोहरीताईंचा आक्षेप मला निराधार वाटत नाही.

नाचणीची भाकर

पान्ताभाताच्या निमित्ताने आपल्या बाजूचे थोडे सांगणे इथे अवांतर होणार नाही, असे वाटते.

आंबवलेल्या भाताची ही रीत बंगालपुरती नाही. ओडिशात तिला पखाळ म्हणतात, आसामात पोइताभात, तमिळनाडूत पळय सादम. भातातल्या पिष्टावर रात्रभरात आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, त्यामुळे पाण्याला हलका आंबटपणा येतो आणि उन्हाळ्यात ते पोटाला थंड वाटते. आपल्याकडे कोकण-गोव्यात पेज आहे. ती आंबवलेली नसते, ताजी शिजवतात, पण तिचे काम तेच: शेतावर किंवा मासेमारीला गेलेल्या माणसाला सकाळच्या प्रहरी पोटभर, पातळ, खारट काहीतरी मिळणे. गोव्यात अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचे किंवा भाजलेला सुका बांगडा. घाटावर त्या जागी ज्वारीची आंबील, कण्या-ताक आणि हुलग्याचे माडगे येते. आंबवण्याच्या दृष्टीने पाहिले तर पान्ताभाताची खरी सख्खी बहीण आपली आंबील आहे.

त्यामुळे अंतिम फेरीचा तो भाग पाहताना मला परक्या देशाचा पदार्थ पाहतो आहोत असे क्षणभरही वाटले नाही. बटाटा उकडून, हाताने कुस्करून, कच्चे तेल, कांदा आणि मिरची घालायची, शेजारी तळलेली तारली ठेवायची आणि मध्ये भाताचे पाणी. हे ताट मालवणात किंवा काणकोणात कोणीही ओळखेल.

एक तांत्रिक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. पान्ताभाताचा आत्मा रात्रभराच्या मुरण्यात आहे, आणि स्पर्धेत रात्र मिळत नाही. तेव्हा त्या खोलीची भरपाई दुसऱ्या कशाने तरी करावी लागते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे धुराचा वास ती भरपाई करत होता. ज्यांना यात भेसळ दिसते त्यांनी वेळेचे हे बंधन लक्षात घ्यावे. आपल्याकडेही मातीच्या मडक्यातल्या आणि चुलीवरच्या अन्नाला धुराचा वास असतोच, त्यामुळे ती निवड मला पदार्थाच्या स्वभावाला धरून वाटली.

उंबरठा

मला इथे वेगळा आक्षेप नोंदवायचा आहे आणि तो कोणाला कडू वाटला तरी मांडणे आवश्यक आहे.

पान्ताभात हे अभावातून जन्मलेले अन्न आहे. उरलेला भात फेकायचा नाही, सकाळी पुन्हा चूल पेटवायला सरपण नाही, कालवण नाही, म्हणून पाणी आणि मीठ. ज्या घरांत हे अन्न रोज खाल्ले गेले त्या घरांना त्याबद्दल कधी कोणी शाबासकी दिली नाही. अडीच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या बक्षिसाच्या स्पर्धेत, सुबक भांड्यात, हे अन्न ठेवून त्याचे कौतुक होते तेव्हा मला आनंदाबरोबर अस्वस्थताही वाटते. त्या वेळी बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्येही अशी चर्चा झाली होती. पुष्कळांना अभिमान वाटला, तर काहींनी गरिबाच्या ताटाचा हा प्रवास खटकतो असे म्हटले.

आपण महाराष्ट्रातही हेच पाहतो. झुणका-भाकर आणि ठेचा मोठ्या हॉटेलांत ‘गावरान’ म्हणून महाग दरात मिळतो, आणि ज्या बाईच्या हातची ती भाकर असते तिचे नाव कुठेच नसते. किश्वरने हेतुपुरस्सर काही वाईट केले असे मी मुळीच म्हणत नाही. तिने निदान पदार्थ कुठून आला हे प्रत्येक वेळी नीट सांगितले. पण ‘घरचे अन्न जिंकले’ असा जयघोष करताना ते कोणाच्या घरचे होते, हा प्रश्न आपण प्रेक्षकांनी विसरू नये.

मोहरी (धागाकर्ती)

उंबरठा, आपला आक्षेप मी गांभीर्याने घेते. तरीही दोन पर्याय शेजारी ठेवून पाहावेत असे सुचवते. समजा किश्वरने त्या दिवशी मोगलाई बिर्याणी किंवा कोर्मा केला असता. त्याला गुणही भरपूर मिळाले असते. मग त्या मंचावर बंगालची ओळख पुन्हा एकदा नवाबी दस्तरखानातून झाली असती आणि शेतकऱ्याची न्याहारी नेहमीप्रमाणे घरातच राहिली असती. तिने ताटाला सुबकपणा दिला, पण पदार्थाची गरिबी लपवली नाही. त्यात तूप, सुका मेवा, केशर असे काहीही आले नाही. भात, पाणी, बटाटा, तारली. माझ्या दृष्टीने प्रामाणिकपणा या यादीत आहे.

नाचणीची भाकर, आंबिलीची आठवण योग्य जागी आली. धन्यवाद.

पाटावरवंटा, फिजीबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. जस्टिनच्या पदार्थांना ‘मूळ नसलेले’ मी म्हटले नव्हते आणि म्हणणारही नाही. माझा आक्षेप फक्त शेवटच्या परीक्षेच्या स्वरूपाला आहे, आणि तो जस्टिनच्या बाबतीतही तितकाच लागू आहे: विजेता म्हणून त्याचे नाव घेताना त्याच्या हातच्या कोंबडीची आठवण व्हायला हवी, गिलमोर यांच्या मिष्टान्नाची नव्हे.

कढीपत्ता

पीटबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून लिहितो. तो अवघ्या एका गुणाने हरला. तीन परीक्षकांपैकी एकाने एखाद्या पदार्थाला एक गुण अधिक दिला असता तर बरोबरी झाली असती. त्याच्या ताटांत जी शिस्त आणि जे धाडस होते ते टॅटू काढणाऱ्या माणसाच्या हाताला शोभणारे होते, आणि भाजी-पाल्याचे त्याने जे केले ते मी कुठल्याही पर्वात पाहिले नव्हते. दक्षिण आशियाई प्रेक्षक म्हणून आपण किश्वर आणि जस्टिन यांच्याभोवती घुटमळतो हे स्वाभाविक आहे. परंतु केवळ स्वयंपाक पाहिला तर त्या पर्वाचा सर्वांत कल्पक स्पर्धक पीट होता, असे माझे मत आहे.

सायसाखर

या पर्वातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली घटना स्वयंपाकाशी थेट संबंधित नाही. ब्रेंट ड्रेपर हा चांगला चाललेला स्पर्धक मानसिक आरोग्याच्या कारणाने मध्येच स्वतःहून बाहेर पडला. त्याने कारण उघडपणे सांगितले, परीक्षकांनी त्याला आदराने निरोप दिला, आणि त्याची थट्टा किंवा त्याच्या अश्रूंचा तमाशा झाला नाही. २०२३ च्या पर्वात तो परत आला आणि जिंकला. त्याच २०२३ च्या पर्वाचे प्रसारण सुरू होण्याच्या तोंडावर, ३० एप्रिलला, जॉक झोनफ्रिलो यांचे निधन झाले, हेही इथे आठवते. किश्वरच्या पदार्थांकडे कुतूहलाने पाहणारा, चव घेताना डोळे मिटणारा तो माणूस आजही त्या भागांत दिसतो.

तांब्यापितळ

परीक्षकांना एखादा स्वयंपाक ठाऊक नसताना ते गुण कसे देतात, या प्रश्नावर थोडे लिहावेसे वाटते, कारण मूळ धाग्यात तो अप्रत्यक्षपणे आलेला आहे.

गिलमोर यांच्या पदार्थाला नमुना असतो. शेफ स्वतः समोर उभे असतात, मूळ ताट आधी चाखायला मिळते, आणि त्यापासून स्पर्धक किती दूर गेला हे मोजता येते. पान्ताभाताला असा नमुना परीक्षकांच्या जिभेवर नव्हता. मेलिसा लिओंग यांचे कुटुंब सिंगापूरचे असल्यामुळे आंबट-खारट पेजेसारखे पदार्थ त्यांना अगदी अपरिचित नसावेत, पण चांगला पान्ताभात आणि सामान्य पान्ताभात यांतला फरक सांगण्याइतका अनुभव तिघांपैकी कोणाकडे असणे कठीण. मग ते मिठाचा तोल, आंबटपणा, पोत आणि ताटातले घटक एकमेकांशी कसे बोलतात, एवढ्यावर गुण देतात. याचा एक फायदा असा की पदार्थाबद्दलचे पूर्वग्रह मध्ये येत नाहीत; ‘हे तर शिळे अन्न’ असे म्हणायला तिथे कोणी नव्हते. तोटा असा की त्याच पर्वात दीपिंदर छिब्बरसारखी उत्तम स्पर्धक आपल्या ओळखीचे पंजाबी पदार्थ करते तेव्हा परीक्षकांच्या मनात रेस्टॉरंटातल्या बटर चिकनचा नमुना आधीच तयार असतो, आणि तिला त्या नमुन्याशी झगडावे लागते. कमी परिचित स्वयंपाकाला एका अर्थी मोकळे मैदान मिळते.

मास्टरशेफ इंडियात हे उलट होते. तिथे परीक्षक आणि प्रेक्षक दोघांनाही पदार्थ ठाऊक असतात, म्हणून ‘नवीन काय केलेस’ हा प्रश्न सतत पुढे येतो आणि आपल्याच पदार्थांना फोम, मूस आणि डिकन्स्ट्रक्शनच्या (घटक सुटे करून मांडण्याच्या) वेषात यावे लागते. २०१५ चे चौथे पर्व संपूर्ण शाकाहारी ठेवल्यावर सामानाची मर्यादा आली आणि हा दबाव आणखी वाढला, असे मला तेव्हा वाटले होते. २०२३ मध्ये निकाल लागलेल्या सातव्या पर्वात मात्र आसामचे नयनज्योती सैकिया विजेते झाले, आसामच्याच सांता सरमा आणि मुंबईच्या सुवर्णा बागूल शेवटच्या तिघांत होत्या. ईशान्येचा स्वयंपाक उर्वरित देशाला अपरिचित असल्यामुळे तिथेही ते मोकळे मैदान काही प्रमाणात मिळाले असावे. सुवर्णाताईंना मात्र मराठी चवीबद्दल ठरलेल्या कल्पना, म्हणजे वडापाव, मिसळ आणि पुरणपोळी, ओलांडून पुढे जायचे होते, आणि ते काम अधिक अवघड होते.

नाचणीची भाकर

तांब्यापितळ यांचा हा मुद्दा मला नवा आणि पटण्याजोगा वाटला. त्याला जोडून म्हणते, की मराठी स्पर्धक आंबील किंवा हुलग्याचे माडगे घेऊन भारतीय मंचावर आला, तर बहुतेक परीक्षक त्यात ‘ट्विस्ट’ मागतील. किश्वरकडे तसा ट्विस्ट कोणी मागितला नाही. खोलवर शिजवलेला साधा पदार्थ साधाच राहू देणे, ही त्या पर्वाच्या परीक्षकांची जमेची बाजू होती आणि तिचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

सातासमुद्रापार

रचनेच्या मुद्द्यावर एक प्रस्ताव मांडतो. अंतिम फेरीतल्या दोन भागांचा क्रम उलटा केला तर? पहिल्या दिवशी प्रेशर टेस्ट, दुसऱ्या दिवशी स्वतःचा पदार्थ. निर्णय शेवटी स्पर्धकाच्या स्वतःच्या ताटावर होईल आणि मोहरीताईंचा आक्षेप बऱ्याच अंशी दूर होईल.

पाटावरवंटा

क्रम बदलल्याने गुणांची बेरीज बदलत नाही.

मोहरी (धागाकर्ती)

बेरीज बदलत नाही, हे खरे. पण स्पर्धक काय शिजवायचे ठरवतो ते बदलते, आणि या प्रस्तावातली खरी अडचण मला तिथेच दिसते. पहिल्या भागाच्या सुरुवातीला तिघेही शून्यावर होते, कोणी पुढे नव्हते, कोणी मागे नव्हते. किश्वरला पान्ताभात करण्याची मोकळीक त्या समान पातळीने दिली. प्रेशर टेस्ट आधी झाली असती, ती दहा गुणांनी मागे असती आणि हाती एकच पदार्थ उरला असता, तर तिने भात, पाणी आणि तारली निवडली असती का? कदाचित दहा घटकांचे, झगमगते, गुण खेचून आणणारे काहीतरी करण्याचा मोह झाला असता, आणि कोणीही त्यासाठी तिला दोष दिला नसता. म्हणून मी क्रमाऐवजी वजनाचा विचार करते: स्वतःचा पदार्थ पहिलाच राहावा, पण त्याला प्रेशर टेस्टपेक्षा अधिक गुण ठेवावेत. म्हणजे पहिल्या दिवशी मोकळ्या मनाने शिजवलेल्या ताटाची किंमत दुसऱ्या दिवशीच्या जिलेटिनने वसूल होणार नाही.

पाटावरवंटा

या स्वरूपात मी तो मान्य करतो. मात्र मग पीटचा पहिल्या भागातला पदार्थही तितक्याच वजनाने मोजावा लागेल, आणि कढीपत्ता यांचे म्हणणे खरे असेल तर त्या हिशेबात पर्वाचा विजेता किश्वर ठरण्याऐवजी पीट ठरण्याची शक्यता अधिक आहे.

मोहरी (धागाकर्ती)

तसे झाले तरी मला चालेल. तो निकाल त्याच्या स्वतःच्या ताटावर लागलेला असेल.